संत्री काढून कॉफी: चिखलदऱ्यात जमेल?

रानवारा: संत्र्याची दोन एकर बाग उतरणीला लागलीय. स्पेशालिटी (उच्च दर्जाची, चवीला गुण मिळणारी) कॉफी लावायचा विचार आहे. फसतं कुठे?

घाटमाथा: उंची ११०० मीटरच्या आसपास, अरेबिका (उंचीवर येणारी कॉफीची जात) चालते. चंद्रगिरी वाण, ६ × ६ फूट. संत्री सगळी एकदम तोडू नका, कूर्गात दोन्ही एकत्रच असतात. सावलीसाठी सिल्व्हर ओक आधी लावा, तो वाढेतोवर पांगारा. सावली नसली की कॉफीच्या उघड्या खोडावर पांढरा खोडकिडा अंडी घालतो. पोखरलेलं झाड उपटून जाळायचं, दुसरा इलाज नाही.

कळीदार: खरी अडचण पाण्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये कळी उमलायला २५ ते ४० मिमी पाऊस लागतो, तो मेळघाटात भरवशाचा नाही. तुषार संच हवाच, संत्र्याचं ठिबक इथे पुरत नाही. पाणी अर्धवट दिलंत तर कळी गुलाबी पडून वाया जाते. १५-२० दिवसांनी दुसरं पाणी.

घाटमाथा: आणि तोडणी! फक्त लाल फळ, त्याच दिवशी पल्पिंग (साल-गर काढणं). उंच जाळीवर बियांचा पातळ थर वाळवा, ओलावा ११ टक्क्यांवर आला की पोत्यात भरा. चव-चाचणीत १०० पैकी ८० गुणांखाली गेली की साध्या कॉफीचाच भाव.

रानवारा: पहिलं पीक?

कळीदार: तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर संत्र्यावरच भागवा.