फायबरची वायर दाबली तिथून लाल उजेड बाहेर कसा आला?

दादर_पश्चिम: नेट गेलं होतं, टेक्निशियन आला, त्याने वायरला लाल लाइटचा पेन लावला आणि खिडकीच्या चौकटीत जिथे वायर चेपली होती तिथे चक्क लाल उजेड दिसत होता!! वायर मोकळी करून मोठं गोल वळण दिलं, नेट चालू. पण प्रकाश सरळ जातो ना, मग गच्चीवरून खाली इतकी वळणं घेत येतो कसा आणि नेमका तिथेच का सांडला? आत आरशाचा लेप असतो का?

ठाणे_स्लो: लेप नाही रे. आरसा दर वेळी थोडा प्रकाश खातो, ५ टक्के जरी धरले तरी शंभर वेळा आपटल्यावर १ टक्काही उरणार नाही. इथे काचेत काच असते, आतली कोअर आणि बाहेरची क्लॅडिंग, अपवर्तनांक साधारण १.४६८ आणि १.४६२, बस एवढाच फरक. प्रकाश त्या सीमेला जवळजवळ घासून गेला की सगळाच्या सगळा आत परततो, दहावीतलं पूर्ण आंतरिक परावर्तन. मोठ्या वळणात तो घासूनच जातो, वायर कचकन मोडली की जास्त उभा आदळतो आणि निसटतो.

स्प्लायसिंगवाला: बरोबर, पण घरी येते ती सिंगल मोड, म्हणजे प्रकाशाला एकच वाट देणारी फायबर, कोअर जेमतेम ९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), त्यात किरण टप्पे खात जातो हे चित्र फारसं खरं नाही, प्रकाश लाट म्हणून जातो आणि तिचा काही भाग क्लॅडिंगमध्येही असतो. वळणाला बाहेरच्या बाजूचा तोच भाग आधी सुटतो. आणि हो, नेटचा प्रकाश इन्फ्रारेड, १४९० आणि १३१० नॅनोमीटर, दिसत नाही, म्हणून काढलेल्या टोकात डोकावायचं नाही, अंधार दिसला तरी!

दादर_पश्चिम: भारी. मग वर्सोव्याला समुद्रातून केबल येतात त्यात एवढ्या लांब प्रकाश टिकतो?

ठाणे_स्लो: आपोआप नाही टिकत. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.२ डेसिबल जातात, म्हणजे १५ किमीला निम्मा. तरी हे खूपच चांगलं, आधीच्या काचेत काही मीटरमध्येच खेळ खलास व्हायचा. दोष काचेतल्या अशुद्धीचा आहे हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये दाखवलं, नोबेल मिळालं थेट २००९ ला. समुद्रात ठरावीक अंतरावर एर्बियम धातू वापरून प्रकाश पुन्हा वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांना वीज किनाऱ्यावरून त्याच केबलमधल्या तांब्यातून जाते.