एलियन: आयसोलेशन – लपूनच बसावे लागते का?

प्रश्न: २०१४ साली आलेला हा गेम मी नुकताच सुरू केला आहे, मात्र सेवास्तोपोल या अंतराळ स्थानकावर तो परग्रही प्राणी छतातल्या व्हेंटमधून उतरला, की मी कपाटात शिरते आणि बाहेर पडण्याचा धीरच होत नाही. पुढे कसे जावे?

उत्तर १: कपाटात फार वेळ थांबू नका. प्राणी जवळ असताना मोशन ट्रॅकरही (आसपासची हालचाल दाखवणारे हातातले यंत्र) खाली ठेवा, कारण त्याचा आवाज त्यालाही ऐकू जातो. माझ्या छातीत सर्वाधिक धडधड व्हायची ती गेम सेव्ह करताना, कारण सेव्हच्या यंत्रात कार्ड सरकवल्यावर एकेक दिवा लागेपर्यंत पाठ उघडी पडलेली असते.

उत्तर २: फ्लेमथ्रोअर (आगीचा झोत फेकणारे शस्त्र) मिळाल्यावर बराच धीर येतो, परंतु त्याने प्राणी मरत नाही, काही वेळ पळतो इतकेच, म्हणून इंधन जपून वापरावे.