हरिश्चंद्रगडावर स्वतःचा टेंट नेऊन मुक्काम करता येतो का? (सोबत मुलगी ९ वर्षांची आणि बाबा ६३)

पाठपिशवी_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हरिश्चंद्रगडाचा प्लॅन आहे. मी, बायको, मुलगी आणि बाबा. बाबा रोज पर्वती चढतात त्यामुळे त्यांचं टेन्शन नाही, उलट तेच आम्हाला मागे टाकतील. मी कॉलेजात असताना खिरेश्वर गावावरून गेलो होतो, तेव्हा गुहेत झोपलो होतो आणि रात्रभर उंदीर अंगावरून पळत होते, म्हणून बायकोने अट घातलीये की गुहा नको. तर ४ जणांचा टेंट विकत घेतलाय, गॅसचा छोटा स्टोव्हही आहे. आता मित्र म्हणतो की ते अभयारण्य आहे, टेंट लावला तर दंड होतो. दुसरा म्हणतो काही होत नाही रे, सगळे लावतात. नक्की काय आहे? परमिशन कुठून काढायची, आणि शेकोटी पेटवलेली चालते का, मुलीला तेच एक आकर्षण आहे. आणि हो, टॉयलेटचं काय?

सह्यवेडा
दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. म्हणजे जमीन वनखात्याच्या ताब्यात, आत कोणी कुठे राहायचं हे तेच ठरवतात आणि ते दर सीझनला बदलतं. कधी कोकणकड्यावर (गडाच्या पश्चिमेचा उभा कडा) टेंट चालतात, कधी म्हणतात फक्त गडावरच्या देवळाजवळ, कधी मुक्कामच बंद. त्यामुळे मागच्या वर्षीचा ब्लॉग वाचून जाऊ नकोस. निघायच्या दोनतीन दिवस आधी पाचनईत (पायथ्याचं गाव) ज्याच्याकडे जेवणार आहेस त्याला फोन कर, त्याला रोजचं माहीत असतं. वनखात्याच्या नाक्यावर माणशी प्रवेश फी आणि गाडीचे पैसे घेतात, पावती मागून घे आणि परत उतरेपर्यंत जपून ठेव.

वाट पाचनईचीच घ्या, खिरेश्वर विसरा. खिरेश्वरवरून तोलार खिंड चढून पुढे ज्या टेकड्यांची रांग लागते ना तिथे धुक्यात भलेभले चुकतात आणि मुलीला घेऊन ५ तास ओढायचं कशाला. पाचनईवरून अडीच-तीन तासात देवळात पोचाल, कातळाच्या कडेकडेने आडवी वाट आहे, रेलिंगही आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, पाचनई. कोतूळनंतर रस्ता कधी चांगला कधी वाईट, अंधार पडायच्या आत पोचा म्हणजे झालं.

शेकोटीला मात्र स्पष्ट नकार. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३० बघ, अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं गुन्हा आहे. डिसेंबरात गवत पिवळं पडून वाळलेलं असतं आणि कड्यावर वारा असा की एक ठिणगी कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. मुलीला झापाच्या (गाववाल्यांची जेवणाची झोपडी असते वर) चुलीपुढे बसव, भाकरी थापताना बघेल, ते शेकोटीपेक्षा जास्त लक्षात राहील तिच्या.

आणि प्लीज ३१ तारीख टाळा!!! त्या दिवशी नाक्यावर बॅगा उघडून बाटल्या शोधतात आणि वर जत्रा असते जत्रा.

हिशोबी_माणूस
मला एक कळत नाही, सरकारी जमीन म्हणजे आपलीच ना? मग प्रवेश फी वेगळी, पार्किंग वेगळं, वर स्वतःचा टेंट स्वतः लावला तरी जागेचे पैसे मागतात. मागच्या वर्षी आम्हाला एकाने सांगितलं की आमचाच टेंट भाड्याने घ्या नाहीतर इथे लावू नका. ही कुठली पद्धत. त्यापेक्षा टूरवाल्यांबरोबर गेलेलं बरं, सगळं पॅकेजमध्ये.

आम्ही_अकोलेकर
हिशोबी भाऊ, तुमचा राग समजतो, पावती न देता जागेचे पैसे मागणं चूकच आहे, नाक्यावर जाऊन सांगायला पाहिजे होतं. पण दुसरी बाजू पण ऐका. मी राजूरकडचा आहे. गडावर जे झाप दिसतात ते चालवणारी पाचनई-खिरेश्वरची पोरं पाणी, पीठ, बटाटे, सिलेंडर सगळं डोक्या-खांद्यावरून वर नेतात. आमच्याकडे पावसाळ्यात भाताशिवाय दुसरं मोठं पीक नाही, मग दिवाळीनंतर हेच काम. आणि रविवारी संध्याकाळी तुमची टूरवाली मंडळी उतरून गेली की वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या कोण वेचतं? एकदा एका ग्रुपची ६० माणसं होती, नाव घेत नाही, कोकणकड्यावर स्पीकर लावून रात्री २ पर्यंत नाचले आणि सकाळी वापरलेल्या प्लेटा करवंदीच्या जाळीत टाकून गेले. पॅकेजमध्ये हे पण येतं भाऊ.

पाठपिशवी दादा, तुम्ही तुमचा टेंट आणा काही हरकत नाही, पण जेवण गाववाल्यांकडे घ्या. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. बाबांना सांगा पाठीवर काही घेऊ नका म्हणून, पाचनईत सामान वर न्यायला माणूस मिळतो.

टेंट कड्यावर लावायची हौस सगळ्यांना असते. फोटोत छान दिसतं. पण कोकणकडा पश्चिमेला उघडा, खाली सरळ कोकण, रात्री वारा सुटला की टेंटचे खिळे कातळात घुसत नाहीत आणि दगड बांधून पण फडफडतो, पोरगी झोपणार नाही. देवळाच्या जरा वर झापांच्या आडोशाला लावा, सूर्यास्ताला कड्यावर जा, अर्ध्या तासाची चाल आहे, टॉर्च घेऊन परत या. कड्याच्या काठाशी पोरीला पोटावर झोपवूनच खाली बघू द्या, उभं राहून नाही.

माकडं आहेत. टेंटची चेन लावली म्हणून खाऊ वाचत नाही, त्यांना चेन उघडता येते.

सह्यवेडा
+१ अकोलेकर. थंडीचं राहिलं सांगायचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे एका आकड्यात जातं टेंपरेचर. लोक महाग टेंट घेतात आणि खाली काही अंथरत नाहीत, गारठा खालून येतो राव. कॅरीमॅट (फोमची चटई) पाहिजेच, आणि टेंटखाली जुनी ताडपत्री. दुसरं म्हणजे थंडी वाजते म्हणून टेंटच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या नाहीत, चार माणसांच्या श्वासाने आतून पाणी सुटतं आणि सकाळी स्लीपिंग बॅगा ओल्या. स्टोव्ह टेंटमध्ये अजिबात पेटवायचा नाही, कितीही वारा असो, गॅस कोंडून माणसं गेलीयेत. गॅसचा कॅन गार पडला की ज्योत बारीक होते तेव्हा कॅन रात्री जाकिटात गुंडाळून ठेव. पण चहा तिथे मिळतो, मी असतो तर स्टोव्ह घरीच ठेवला असता, आणि न्यायचाच असेल तर नाक्यावर आधी विचार.

कोकणकन्या_बे_एरिया
टॉयलेटवर कोणीच बोललं नाही, सगळे पुरुष दिसताय 😄 मी बोलते. गावात पाचनईला सोय आहे, चढायच्या आधी तिथे जाऊन घ्या. वर काय अवस्था असेल सांगता येत नाही, म्हणून एक छोटं खुरपं न्या. आम्ही इथे कॅलिफोर्नियात नॅशनल फॉरेस्टमध्ये (सरकारी जंगल) कॅम्पिंगला जातो तिथे नियमच असा की पाण्यापासून २०० फूट लांब म्हणजे साधारण ७० पावलं, ६ ते ८ इंच खड्डा, नंतर माती लोटायची, आणि टिश्यू पेपर पिशवीत घालून परत आणायचा. ऐकायला कसंसं वाटतं, पण देवळाजवळच्या सप्ततीर्थ पुष्करणीच्या (तळ्याच्या) वरच्या अंगाला लोक जाऊन बसतात ते बघितलं की यातलं शहाणपण कळतं. सॅनिटरी पॅड तर खड्ड्यात सुद्धा नाही, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डबल पिशवी करून खाली.

हिशोबी यांच्यासाठी, सरकारी जमीन म्हणजे वाट्टेल ते असं इथेही नाहीये. फॉरेस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं हे खरं, पण कॅम्पग्राउंडच्या बाहेर साधा गॅस स्टोव्ह पेटवायला पण आधी ऑनलाइन परमिट काढावं लागतं (फुकट आहे पण लागतंच), उन्हाळ्यात तर शेकोट्या पूर्ण बंद होतात वणव्याच्या भीतीने. इथल्या योसेमिटी नॅशनल पार्कच्या जंगलात राहायचं तर खाऊ अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यातच ठेवायचा. माकडांसाठी असा डबा कोणी काढला तर पहिला मी घेईन.

बाकी केदारेश्वराच्या गुहेत मुलीला नक्की न्या. पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उरलाय, आणि मोठी माणसं कमरेएवढ्या बर्फासारख्या पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालतात. मुलीला काठावरूनच दाखवा, डिसेंबरात ते पाणी म्हणजे शिक्षा आहे.

हिशोबी_माणूस
बरं. पावती मागायला हवी होती हे मान्य. स्पीकरवाल्यांमध्ये मी नव्हतो एवढं नमूद करतो.

पाठपिशवी_पुणे
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी घरचं पण सांगत नाही. तर ठरलं असं: पाचनई, २३ ला वर २४ ला खाली, ३१ ला घरी गच्चीवर मिसळ. टेंट नेतोय पण लावू दिला तरच, नाहीतर झापात झोपू, बायकोला विचारलं तर म्हणाली झाप चालेल, गुहा नको. स्टोव्ह कॅन्सल. बाबांना सामान उचलायला माणूस घेऊ म्हटलं तर ते चिडले, म्हणाले त्या माणसाला घ्या पण तुझं सामान त्याला दे, माझं मी आणीन.

इंद्रवज्र दिसेल का डिसेंबरात? मुलीला शाळेत कोणीतरी सांगितलंय की कड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसतं आणि मधे आपली सावली, तेव्हापासून डोकं खातीये.

आम्ही_अकोलेकर
त्याला खाली दरीत ढग पाहिजेत आणि पाठीमागून ऊन. पावसाळ्यात आणि सरताना चान्स जास्त. डिसेंबरात आकाश स्वच्छ असतं, अवघड आहे. तिला सांगा सप्टेंबरला परत यायचंय म्हणून. आणि २३ ला येताय तर वर पोचल्यावर निदान चहा प्यायच्या आधी बाबांना बसवा, ते पळत येतील असं वाटतंय.