हॉटेलच्या दारावर स्वच्छतेचे गुण लावणं सक्तीचं करावं का?

रामबागकर: 2017 मध्ये स्वच्छ शहराचा पहिला नंबर पटकावला, तो इंदूरनं 2023 पर्यंत काही सोडला नाही. रस्त्यावर कागद टाकला तर शेंबडं पोरही टोकतं. पण हॉटेलच्या भटारखान्यात काय चाललंय ते गिऱ्हाइकाला कळणार कसं? एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, हायजीन रेटिंग योजना आहे, एक ते पाच स्मायली मिळतात. पण ती ऐच्छिक! दोन मिळालेला कशाला पाटी लावेल? वेल्समध्ये 2013 पासून शून्य ते पाचपैकी मिळेल तो आकडा दारावर लावावाच लागतो. शून्य असला तरी. इथेही सक्ती हवी.

भुट्ट्याचा कीस: काका, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री बंद दुकानापुढे कढई मांडणाऱ्याला दारच नाही, पाटी कुठे लावेल? आणि तिथे सगळं डोळ्यांदेखत होतं. गराडू, म्हणजे तळलेला कंद, उकळत्या तेलातून थेट द्रोणात. लपवायला जागा कुठंय?

चिमटीभर मीठ: दादा, गराडूची काळजी नाही, वरच्या चटणीची आहे. सुटे पैसे घेतलेला हात तसाच कोथिंबिरीत जातो, तोही डोळ्यांदेखतच! शिवाय तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात पोलर कंपाउंड्स नावाचे खराब घटक वाढतात, त्यांना 25 टक्क्यांची मर्यादा आहे. ती काय नुसतं बघून कळते?

गल्ल्यावरून: माझं राजवाड्याजवळ छोटं हॉटेल आहे, म्हणून बोलतो. या रेटिंगचं ऑडिट खासगी एजन्सी करते, पैसे आम्ही मोजतो. त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, दुसऱ्या दिवशी टोप्या खुंटीला. जुन्या वाड्यातली मोरी कितीही घासा, दिसायची तशीच दिसते. तिचे गुण कापणार आणि एसीवाल्याला पाच देणार.

रामबागकर: म्हणून तर तपासणारा तुमच्या पैशांवरचा नको. तिकडे वेल्समध्ये स्थानिक पालिकेचे अधिकारी येतात, बहुतेक वेळा न कळवता. अन्नाची हाताळणी, जागेची अवस्था, व्यवस्थापन असं तिन्ही वेगळं तपासतात. पाटीवरही तिन्ही वेगळे छापा, मग मोरीचे गेले तरी हाताळणीचे दिसतील.

गल्ल्यावरून: आणि न कळवता आलेले साहेब चहा पिऊन तसेच जातील? साहेब, इतकी वर्षं गल्ल्यावर बसलोय!

भुट्ट्याचा कीस: त्यापेक्षा आपल्या छप्पन दुकान या खाऊबाजाराचं बघा. 2019 मध्ये एफएसएसएआयचा क्लीन स्ट्रीट फूड हबचा दाखला मिळाला, तोही सगळ्या बाजाराला मिळून. प्रशिक्षण, पाणी, कचरा, सगळ्यांचं एकदम सुधारा. एकेकट्याच्या गळ्यात आकडा कशाला?

चिमटीभर मीठ: सगळ्यांचा दाखला म्हणजे कुणाचाच नाही. पोट बिघडलं तर बाजाराला धरू का? चिरीमिरीचं म्हणाल तर तपासणीचा अख्खा अहवाल ऑनलाइन टाका. भटारखान्यात झुरळं आणि कागदावर पाच, हे गिऱ्हाईकच उघडं पाडेल.

गल्ल्यावरून: ताई, तुम्हीच या आमच्याकडे, न कळवता. फक्त दुपारी बारा ते तीन नको, गर्दी असते.

चिमटीभर मीठ: मग सव्वाबाराला येते.