रविवारी स्टेशनकडे नाश्ता वाटायचा आहे, ६० जणांना पोहे किती लागतात?

बुल्डीवाली:
नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, ऑफिसातले सहा जण, दर रविवारी सकाळी तर्री पोहे (वरून चन्याचा तिखट रस्सा) करून स्टेशन, मोरभवन बस स्टँड अन् मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) बाहेर जे लोक रस्त्यावर झोपतात त्यांना द्यायचा विचार करून राहिलो. साधारण ६० जण धरलेत. पण चार माणसांच्या वर पोहे आमच्यापैकी कोणीच कधी केले नाहीत. किती किलो घेऊ अन् किती वाजता जायचं? सासूबाई म्हणाल्या आधी कोणाला तरी विचार, मग गंज (मोठं पातेलं) चढव.

गंज_झारा:
ताई ५ किलो जाडे पोहे घ्या, २ किलो कांदे, २ किलो आलू, तर्रीला २ किलो काळे चने रात्रीच भिजत घाला. पोहे सगळे एकदम धुवायचे नाहीत, खालच्यांचा लगदा होतो, किलो किलो चाळणीत धुऊन फोडणीत टाकत जा. झाकण ठेवून जाड चादरीत गंज गुंडाळा नाहीतर गाडी सीताबर्डीला, स्टेशनकडे पोचेस्तोवर कोरडे ठक्क होतात. तर्री वेगळ्या डब्यात न्या. सांबार (कोथिंबीर) तिथे गेल्यावर वरून टाका. अन् पेपरवर नका देऊ, शाई लागते, द्रोण घ्या.

मेडिकल_चौक:
चार वर्षं करून राहिलो म्हणून सांगतो, राग नका मानू. पहिल्या दिवशी आम्ही ८ ला पोचलो तर फूटपाथ रिकामा! कचरा वेचणारे अंधारातच निघतात, बाकीचे मजुरांच्या ठिय्यावर. ६ च्या आत पोचा, म्हणजे तुम्हाला ४ ला उठावं लागंल.
दुसरं म्हणजे रविवार. रविवारी सगळेच वाटतात. मंगळवारी टेकडीच्या गणपतीजवळ मिळतं, गुरुवारी वर्धा रोडच्या साई मंदिराकडे. एका रविवारी एक काका द्रोण हातात घेऊन म्हणाले, "बाबू, आज हे तिसरे पोहे होय." बुधवारी मात्र काळं कुत्रं फिरकत नाही.
अन् तर्री! रात्री उपाशी झोपलेल्या माणसाच्या पोटात सकाळी ६ ला ती लालजर्द तर्री म्हणजे काय होईल सांगा. तिथे संडास कुठं आहे? एक म्हातारी होती, दात नव्हते, पोह्यातले फल्लीदाणे (शेंगदाणे) एक एक वेचून शेजारच्या कुत्र्याला देत बसली अन् मला म्हणाली, "बापू, मऊ भात आनत जाय ना." चार महिने आम्ही चने चारत होतो, विचारलंच नव्हतं कोणी. आता मुगाच्या डाळीची मऊ खिचडी अन् चहा.
मेडिकलबाहेर झोपलेले सगळे बेघर नसतात. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक असतात, रांगेत उभं राहायला लाजतात. त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, पेशंट कोण, कोणत्या वॉर्डात विचारायचं, बोलता बोलता द्रोण द्यायचा. फोटो काढायचे नाहीत, त्यावरून आमच्यात भांडण होऊन दोघं ग्रुप सोडून गेले.

सडेतोड_भाऊ:
फुकट खाऊ घालून लोकांना आळशी करून राहिले तुम्ही. महापालिकेचे निवारे आहेत ना, तिथं पाठवा.

मेडिकल_चौक:
भाऊ, पहाटे ५ ला कचरा वेचायला जाणारा आळशी, अन् आपण ८ ला उठणारे मेहनती? निवाऱ्याचं म्हणाल तर केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानाच्या नियमात लाख लोकवस्तीमागे १०० जणांचा एक निवारा हवा होता, अन् २०११ च्या जनगणनेतच आपलं शहर २४ लाखाचं. किती हवे अन् तुम्हाला किती माहीत आहेत, हिशोब तुम्हीच करा. तरी हो, पत्ता आम्ही सांगतो, जानेवारीच्या थंडीत तर सोबत घेऊन पण जातो. नवराबायको असले की येत नाहीत, वेगळं झोपावं लागेल म्हणून.
ताई, अजून एक, कोणी तापानं फणफणलेला दिसला तर १०८ लावा, फुकट येते. म्हाताऱ्यांसाठी हेल्पलाइन १४५६७.

गंज_झारा:
खिचडी असंल तर माझा हिशोब बदलला. ३ किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ, पाणी पाचपट, तिखट नको. पण मे महिन्यात चादरीत गुंडाळून नका ठेवू, आंबते.

बुल्डीवाली:
सगळ्यांचे आभार. ग्रुपवर बुधवार अन् ४ वाजता टाकल्याबरोबर दोघं गळाले, एकाला अचानक पाठदुखी. चौघं आहोत. ६० नाही जमणार, ३० पासून सुरू करतो, फक्त मेडिकल. मानेवाडा साइडला मोठा गंज कोणी देईल का, घासून परत करीन.

गंज_झारा:
माझ्याकडून घेऊन जा. कान तुटलाय एका बाजूचा, सांभाळून उचला.