रंग झिलईखालचा की झिलईवरचा?
हाताने रंगवलेली पोर्सिलेनची भांडी धुऊन फिकी पडतात, म्हणून ती कपाटातच ठेवावीत, असे म्हटले जाते. ते सरसकट लागू होत नाही. जर्मनीतील माइसेनच्या, १७१० साली स्थापन झालेल्या कारखान्याच्या निळ्या ‘कांदा नक्षी’त एकदा भाजलेल्या, पाणी शोषणाऱ्या ताटलीवर कुंचल्याने कोबाल्टच्या निळ्या रंगाची रेघ ओढतात, जी पुसता येत नाही, आणि मग झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) चढवून ताटली सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला पुन्हा भाजतात, त्यामुळे रंग काचेसारख्या थराखाली सुरक्षित राहतो. (ते ‘कांदे’ मुळात चिनी नक्षीतील डाळिंबे आणि पीच आहेत.) झिलईवरची फुले आणि सोनेरी कड मात्र खरोखरच नाजूक असते, ती कोमट पाण्यात, मऊ फडक्याने हातानेच धुवावी. बोट फिरवताना रंग किंचित उंच लागला, तर तो बहुधा झिलईवरचा असतो.