चिलापीचे काटे काढायला कुठली सुरी घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, राधानगरीकडची ताजी चिलापी (तिलापिया मासा) घरी बऱ्याचदा येते. तळहाताएवढी, फार तर अर्धा किलोची. पोरं काट्याला भितात, म्हणून आता बिनकाट्याचे तुकडे काढायचे म्हणतोय. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुतोंडी काटे असतात, तिथं हा उद्योग व्यर्थ. चिलापीत ती भानगड नाही, मधला कणा, बरगड्या आणि त्यांच्या वरची बारीक काट्यांची छोटी रांग सुटली की झालं.

विळीवर खवले आणि डोकं मस्त निघतं, पण कण्याला घासून पातं सरकवायचं म्हटलं की विळी कामाची नाही. घरातली भाजीची सुरी जाड आणि ताठ आहे. बरगडीपाशी ती वाकतच नाही, सरळ आत शिरते आणि निम्मं मांस काट्यालाच राहतं. मटणाचा सुरा तर विचारूच नका.

सहा इंची, अरुंद, लवचीक पातं एवढं मनात पक्कं आहे. नऊ इंची मोठ्या माशाला ठीक, इथं नुसतं मिरवायला. अडतंय ते पोलादावर. कार्बनला धार झकास लागते, पण ओल्या हातात गंजतं. स्टेनलेस बरं पडेल का? मूठ लाकडी नको, बुळबुळीत हातात घसरते.

लक्ष्मीपुरीत दोन दुकानदारांनी ब्रेडची सुरी पुढं केली! कोल्हापुरात अशी सुरी हातात धरून, वाकवून बघायला कुठं मिळेल? हजाराच्या आत बसली तर लई बरं. आणि धार घरच्या दगडावर लावता की धारवाल्याकडं देता? पातळ पातं त्याच्या चाकावर तापून बिघडेल अशी मला धास्ती आहे.